मिनाच्या आयब्रो

(डोंगरकड्याजवळचं एक खेडं. भर दुपार. घराची आतली खोली. पार्लरवाली निलम खांद्याला पिशवी अडकवून मागच्या दाराच्या उंबऱ्यातच थिजली आहे.)

निलम : मावशी, हे... हे काय आहे? तुम्ही फोनवर म्हणालात, मिनाच्या आयब्रो करायच्यात, मागच्या दारानं घरी ये.

रुक्माबाई : मंग? मिनाच्याच करायच्या हायेत.

निलम : अहो, पण ही तर... मला वाटलं दवाखान्यातून बरी होऊन आली. मी वेडी तिच्यासाठी बिस्किटाचे पुडे घेऊन आले हो! कधी गेली?

रुक्माबाई : पहाटं. नांदेडलाच. कावीळ उतरलीच न्हाई. आत्ता आणली, आंघोळ घातली. तिचा भाऊ माहेरचं लुगडं घिऊन वसमतहून येऊन राहिला. तेवढा येळ हाय आपल्याला.

निलम : कशाला वेळ?

रुक्माबाई : तुह्या कामाला.

निलम : बाई गं! मावशी, मी जाते.

रुक्माबाई : बस खाली. पाणी पी.

निलम : पाणी कसलं पिऊ? असं बोलावतात का कुणाला? फोनवर सांगायचं तरी!

रुक्माबाई : सांगितलं असतं तर आली असतीस?

निलम : नसते आले.

रुक्माबाई : म्हणून न्हाई सांगितलं.

निलम : मी जित्या माणसांचं करते, मावशी. उद्या कळमनुरीत नवरी सजवायचीय मला. ह्याच हातानं, ह्याच पेन्सिलीनं. मी मयताच्या आयब्रो केल्या हे कुणाला कळलं, तर कोणती आई आपली पोरगी माझ्या खुर्चीत बसवेल? दुकानाला कुलूप लागेल माझ्या.

रुक्माबाई : बराबर हाय तुहं. पण सवाष्ण गेली हाय. सवाष्णीला नवरीवाणी सजवून धाडतेत. हळद लावली, कुकू लावलं, हिरवा चुडा भरला. आन् तोंड बघ तिचं. बघ तरी एकडाव.

निलम : ...अगं बाई. मधे सगळं रान माजलंय. आणि टोकं कुठं गेली?

रुक्माबाई : झडली. औषधानं का कशानं, देव जाणे.

निलम : अशी कधीच ठेवत नव्हती ती.

रुक्माबाई : ठावं हाय मला.

निलम : काय ठाऊक आहे?

रुक्माबाई : दर महिन्याला बाजाराच्या दिशी तुह्याकडं यायची ते.

निलम : देवा! ती तर म्हणायची, "निलम, जास्ती कोरू नको, आत्याबाईला कळलं तर घरात घेणार नाहीत." मी आपली मधली लव काढायची आणि खालची एक ओळ. तिच्यासाठी किती जपून करायचे मी! आणि तुम्हाला...

रुक्माबाई : अवं, पहिल्याच खेपंला कळलं. डोळ्यावर लाल चट्टे घिऊन आली, नाकापोतर पदर वढून. म्हणे ऊन लागलं. बरं भुवईखालीच मोजून लागलं ऊन!

निलम : मग बोलला का नाहीत?

रुक्माबाई : काय बोलू? लग्नात मीच ठणकावलं व्हतं, आमच्या घरात असले थेर चालायचे न्हाईत. थुकलेलं चाटू का मंग? ती लपवायची, मी न दिसल्यावाणी करायची. बरं चाललं व्हतं आमचं दोघीचं.

सुदाम : आई, कवाड काहून लोटलं? माणसं इचारून राहिलेत. आन् ह्या ताई कोण?

रुक्माबाई : पार्लरवाली.

सुदाम : पार्लरवाली? आज? तुहं डोकं फिरलं का आई? मही बायको गेली आन् तू... लोक शेण घालतेल तोंडात!

रुक्माबाई : घालू दे. मिनाच्या आयब्रो करायच्या हायेत.

सुदाम : मिना कवा असलं करायची?

रुक्माबाई : ऐक गं निलम, नवरा हाय तिचा! अरं सुदाम, बायकोच्या तोंडाकडं कधी बघितलं व्हतं का तू?

सुदाम : बघितलं की. मला वाटायचं... तिच्या जन्माच्याच तशा हायेत.

निलम : नाही दादा. मी करायचे. लग्न होऊन आली त्या वर्षापासून.

सुदाम : आन् मला सांगितलं न्हाई? मी काय खाल्लं असतं तिला? मला काहून न्हाई सांगितलं, आई?

रुक्माबाई : तुह्या पोटात काय राहतं? मलाच येऊन सांगितलं असतंस.

सुदाम : ...व्हय. सांगितलं असतं.

रुक्माबाई : निलम, तुला उगं न्हाई आणलं मी. परवा दवाखान्यात तिनं ह्याचा मोबाईल मागितला, तोंड बघाया. बघितलं आन् रडाया लागली. डोळे हळदीवाणी पिवळे झाल्ते, त्याचं न्हाई काही. म्हणे, "आत्याबाई, माह्या भुवया बघा कशा झाल्या. अशी गावात कशी येऊ?" इतक्या सालात पहिल्यांदा माह्याम्होरं भुवईचं बोलली. मी म्हणलं, तू घरी चल, मी सोता घिऊन जाते तुला निलमकडं. तशी हसली. म्हणे, "तुमाला ठावं व्हतं?" ...मी शब्द देऊन बसले, पोरी. आता कुठं घिऊन जाऊ तिला?

निलम : ...दादा, तुम्ही दारात थांबा. कुणाला आत सोडू नका.

सुदाम : थांबतो. कुणी इचारलं तर सांगतो, आई कुकू लावून राहिली.

निलम : मावशी, पण एक अडचण आहे. कातडी ताणून धरावी लागते. खुर्चीत बसलेली बाई स्वतःच दोन बोटांनी धरते. ही कशी धरणार?

रुक्माबाई : कुठं धरायचं? दाव.

निलम : एक हात इथं कपाळावर. एक खाली, पापणीवर. घट्ट. सुटलं की दोरा कातडीला कापतो.

रुक्माबाई : न्हाई सुटायचं. ...गार पडली वं. लई गार पडली मही पोर.

निलम : मावशी, धरा. आता दोऱ्याचं टोक माझ्या दातात असेल, मला बोलता येणार नाही.

रुक्माबाई : नको बोलू. मी बोलते. मिना, निलम आली बघ. चांगली कमान काढ म्हण तिला. उगं चोरून चोरून नको. आता कुणाला भ्यायचं? ...निलम, हिला दुखायचं का गं?

निलम : झालं हे, सोडला दोरा. ...शिंका यायच्या तिला. डोळ्यातून पाणी गळायचं. पण म्हणायची, थांबू नको, उरक. ...आता टोकं भरते.

रुक्माबाई : लई काळं नको करू. नाटकातल्यावाणी दिसंल.

निलम : तपकिरी पेन्सिल आहे. एकेक केस काढल्यासारखी रेघ ओढते, कळणार पण नाही. ...बघा, आली मिना. आली की नाही?

रुक्माबाई : आली. आली माय.

निलम : पेन्सिल मी परत नेत नाही. नव्या लुगड्याची ओटी भराल, तिच्यात ठेवा.

सुदाम : आई, वसमतची गाडी आली.

निलम : झालंच, झालंच. हं मिनाताई, बघून घ्या, दोन्ही सारख्या झाल्यात का... अगं आई! आरसा धरला हो मी तिच्यापुढं. सवयीनं...

रुक्माबाई : असू दे. मी बघते ना तिच्याकडून. ...डावीचं टोक उलीसं तोकडं हाय गं. तिनं सोडलं नसतं तुला.