निळी गाडी आनि व्याक्सची डबी

माझा जलम भिवंडीजवळच्या पूर्णेचा. आता तुमी पूर्णा म्हनलं का गोडाऊनच बघनार, रांगच्या रांग, पन माझ्या लहानपनी तितं भाताची शेती व्हती, बांधाबांधानं चालत गेलं का पाय चिखलानं भरायचे. शाळा चौथीपत्तूर, मंग आयेबरोबर लावनीला, आनि जरा मोठी झाले तशी भिवंडीत कांडीवर. कांडी म्हंजे काय, तर लूमच्या धोट्यात सुताची लहान नळी बसते ना, ती भरायची. मशीन फिरतं, आपन सूत बोटात धरायचं, तुटलं का जोडायचं, दिसभर तेच. डोक्यात कापूस, नाकात कापूस, घरी आले का आय म्हनायची, एका दिसात म्हातारी झालीस काय गं, केस पांढरे करून आलीस. पन काय सांगू तुमाला, तितं मी कापड शिकले. हात लावला का सांगते कंचं सुती आनि कंचं पॉलिस्टर.

लगीन होऊन वळ गावाला आले. आमचे हे, पल्लवीचे बापूस, तवा टेम्पो चालवायचे, लूमवरचे तागे भरून मुंबईला न्यायचे. मंग एक जुनी गाडी घेतली, गर्द निळी, भाड्यासाठी. लग्नाची भाडी त्यांना लई मिळायची, कारन गाडी अशी ठेवायचे का नवरदेव आपल्या नव्या गाडीतनं उतरून हिच्यात बसंल. सकाळी उठलं का आधी गाडीचं तोंड धुवायचे, मंग स्वताचं. मी म्हनायची, अवो, ही माझी सवतच हाय, तिला आंघोळ रोज आनि मला कंदी फुलाचा गजरा न्हाय. हसायचे. एकदा खरंच गजरा आनला, आनि तो पन नवरदेवाच्या गाडीवरनं काढलेला, आता काय बोलायचं.

मंग त्यांना साखर झाली. साखर असते तवा दुखत न्हाय खुपत न्हाय, मानूस म्हनतो चालतंय. डोळ्याच्या पडद्यापत्तूर गेली तवा कळलं. डॉक्टर म्हनला, हाय तेवडी नजर ऱ्हाईल, उजेड-सावली दिसंल, मानूस उभा हाय का बसलाय येवडं दिसंल, पन गाडी विसरा. गाडी विसरा म्हनाला, असं म्हनाला जसं का चपला विसरा. त्या दिसापासनं गाडी घराफुडं बदामाच्या झाडाखाली उभी, आनि हे ओट्यावर बसून. बोलनं कमी झालं. रस्त्यानं कंटेनर जातात त्यांची धूळ, वरनं कावळे, बदामाचा पाला. निळा रंग कुठला, राख फासल्यागत दिसायची. ब्याटरी मरू नये म्हनून पल्लवी अधनंमधनं इंजिन तेवडं चालू करून ठेवायची. मी कंदी धुवायला गेले का म्हनायचे, ऱ्हाऊ दे, कोनाला दाखवायची हाय.

पल्लवी आमची एकच पोर. ती वळच्याच एका गोडाऊनात प्याकिंगला हाय. तिच्याबरोबर आजूबाजूच्या गावांच्या पोरी हायेत, शिफ्ट सुटली का रिक्षा मिळत न्हाय, मिळाली तर एकमेकीच्या मांडीवर बसून. तर तितली मॅडम म्हनली, आमाला बायांना आनाय-सोडायला एक गाडी लावायचीय, बाई चालवनारी मिळाली तर सगल्यात बरं. पल्लवीकडं लायसन हाय, काल्हेरला माझ्या भैनीकडं राहून शिकली व्हती. ती म्हनली, मॅडम, गाडी हाय आमच्याकडं. मॅडम म्हनली, आन रविवारी, पन बघ हां, गाडी बरी दिसली पायजे, पोरींना भंगारात बसवनार न्हाय मी.

पोर नाचत घरी आली आनि बापासमोर बोलली. हे म्हनले, गाडी मी दिलीय. कोनाला दिली? तर दलालाला, जुन्या गाड्या घेतो त्याला, रविवारी येनार हाय न्यायला. पोर म्हनली, बाबा, मला इचारलं पन न्हाय? तर म्हनले, माझ्या डोळ्यासमोर माझी गाडी दुसऱ्या कोनी चालवायची न्हाय. पल्लवी रडत आत गेली. मला राग आला, येवडा राग का भाकरी तव्यावर जळली. पन मी ओळखते ना त्यांना, ते पोरीवर न्हाय बोलले, ते त्यांच्या पोटातलं बोलत व्हते. गाडी डोळ्यासमोरनं गेली का दुखनं पन जाईल असं त्यांना वाटत व्हतं.

मंग मी डोकं लावलं. मी म्हनलं, अवो, देताय तर द्या, पन जरा चमकवून देऊ, भाव बरा यील. त्याला ते न्हाय म्हनू शकले न्हाय. मला काय भावाचं पडलं व्हतं? मला वाटलं, एकदा निळी दिसली पायजे, मंग बघू.

भिवंडीत एक चाचा हायेत, गाडीच्या सामानाचं जुनं दुकान. मी सांगितलं, चाचा, रंग उजळवायचाय, पन रंगवायला पैसं न्हायत. चाचा मला बाजी म्हनतात, म्हंजे ताई. म्हनले, बाजी, दो चीज होती है, पॉलिश और व्याक्स. पॉलिश रंग को घिसता है, व्याक्स रंग को ढाँकता है. पुरानी गाडी है, रंग पतला होगा, घिसो मत. मंग व्याक्स काढले तीन परकारचे. एक फवारा मारायचा, सोपा, पन चार आंघोळीत उतरतो. एक बाटलीतला पातळ, तो महाग, त्याच्यावर परदेशी गाडीचं चित्र. आनि एक डबीतला घट्ट, मेनासारखा, चित्र-बित्र काय न्हाय. चाचा म्हनले, मेहनत इसमें ज्यादा है, टिकता भी यही है. मी डबी कानाशी धरून हलवली. एक खडखडली, म्हंजे आतला गोळा सुकून सुटा झालाय. दुसरी हलवली, आवाज न्हाय, ती घेतली. चाचा हसले, म्हनले, नारियल लेने आई हो क्या.

शनिवारी सकाळी पोरीनं आनि मी गाडी धुतली, चांगली, शाम्पूनं. धूळ निघाली. पन निळी दिसंना, फिकी, धुवून धुवून गेलेल्या परकरासारखी. पोर ड्युटीला गेली. मी म्हनलं, सुकू दे नीट, म्हनून ढकलून झाडाखालनं उन्हात काढली, शेजारनीनं हात लावला. आनि लावला व्याक्स. आता माझं डोकं कसं चाललं सांगते. सायझिंगला सुताला कांजी देतात ना, दाट दिली का सूत कडक ऱ्हातं. तर मी म्हनलं, जास्त लावला का जास्त टिकनार. बॉनेटवर असा थापला, जसं काय पुरन भरतेय. ऊन मोप, पत्रा तापलेला. बघता बघता पांढरा खडक झाला. पुसायला गेले, निघंना. मंग घेतल्या चिंध्या, लूमवरच्या. भिवंडीत कोन कशानं पुसतं सांगा, भांडं, मशीन, हात, सगलं चिंध्यांनी. कापडाची मानूस मी, आनि ती सगली पॉलिस्टरची चिंधी हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. घासतेय, घासतेय, करकर आवाज, घाम डोळ्यात.

तेवड्यात ओट्यावरनं आवाज आला. अगं ए, परात घासतेस काय?

किती दिसांनी त्यांचा असा आवाज ऐकला, टेम्पोवाला आवाज. उठले. भिंतीला हात लावत लावत आले, गाडीला हात लागला तसे थांबले. पत्र्यावर पंजा ठेवला नि काढला. म्हनले, तव्यावर लावलास तू. सावलीत घे आधी. परत ढकलली. मंग माझ्या हातातली चिंधी घेतली, चुरगाळली, फेकून दिली. म्हनले, सुती न्हाय घरात? मी गेले, सासूबाईंचं जुनं लुगडं व्हतं पेटीत, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं. माझा हात जाईना फाडायला. ते म्हनले, आन, आय काय म्हननार न्हाय. आनि त्यांनीच फाडलं.

म्हनले, सुकलेल्यावर परत थोडा ताजा लाव, त्यानं जुना भिजतो, लगेच पूस. तसं केलं, निघाला की हो! मंग बोटभर घ्यायचा, गोल गोल पसरायचा, येवडा पातळ का लावला का न्हाय असं वाटलं पायजे, आनि अर्ध्या दारायेवडंच एका वेळी. काचेवर न्हाय, काळ्या रबरावर न्हाय, डाग ऱ्हातो. मंग थांबायचं. आरशावर श्वास सोडल्यावर धुकं येतं ना, तसं आलं का बोट फिरवायचं. बोट कोरडं आलं तर पुसायचं, चिकट आलं तर अजून थांबायचं. ते बोट त्यांचं. मी लावायची, ते बोट फिरवायचे, म्हनायचे, थांब. थांब. हां, पूस. पुसल्यावर पंजा फिरवायचे नि सांगायचे, हितं राह्यलाय. मी वाकून बघायची, तर खरंच राह्यलेला असायचा. दुपारचं जेवन पन राहिलं आमचं, कोनाला भूक व्हती! बॉनेटवर माझ्या चिंधीचे बारीक ओरखडे दिसत व्हते, अजून हायेत, उन्हात बघा. पन गाडी निळी झाली. पोर संध्याकाळी आली नि रस्त्यातच थांबली.

रविवारी दलाल आला. गाडीभोवती फिरला, म्हनला, काका, तुमी तर बोलला व्हता पडीक हाय. चावी द्या, नेतोच. यांनी खिशातनं चावी काढली. पोर दारात उभी. चावी हातात घेऊन हे गाडीकडं चालले, आनि सवयीनं उजव्या दाराला गेले, डायव्हरच्या. दाराच्या मुठीवर हात ठेवला नि तसेच उभे राहिले. मंग म्हनले, पल्ले, इकडं ये. चावी तिच्या हातात दिली. आनि बॉनेटवरनं हात फिरवत फिरवत पलीकडं गेले, डाव्या बाजूला, दार उघडलं नि बसले. त्यांच्या आयुष्यात त्या गाडीत डाव्या बाजूला कंदी बसले नव्हते. दलालाला म्हनले, माफ कर रे बाबा, तुला फुकटचा हेलपाटा झाला, चा घेऊन जा. आनि पोरीला म्हनले, चल, मॅडमला गाडी दाखवून येऊ. मी तितंच ओट्यावर बसून रडले, दलालाला चा कोन देनार, त्यानंच मला पानी दिलं.

आता गाडी लागलीय कामाला. शिफ्टच्या बाया येतात-जातात, पोरीनं आत फुडच्या काचेखाली चाफ्याचं फूल ठेवलंय, म्हनते धंद्याची गाडी हाय. पावसाळ्याआधी एक डाव, दिवाळीला एक डाव व्याक्स, बाकी नुसती धुवायची. आता आळीतले लोक पन आपल्या गाड्या आनतात, मी लावते, हे बोट फिरवतात. साखर हाय तशीच हाय, नजर काय परत येनार न्हाय, ते मी देवाला मागत पन न्हाय आता. दिसभर त्यांचं तोंड चालू असतं, येवडं देवानं दिलं, लई झालं. तुमच्या घरी पन असंच बोलनारं मानूस ऱ्हावो.

बघा, वळनावर आवाज आला, आली पोर. ऐकलंत, हे काय म्हनतात ते, गियर उशिरा टाकला म्हनतात, आता आल्या आल्या तिला ऐकवतील. तुमी उठू नका, चा घ्या, ती तुमाला नाक्यापत्तूर सोडंल, हे पन येतील बरोबर. तुमी मागं बसा हां. फुडची शीट त्यांची हाय.