बांधावरचा दोर

आमचं गाव पेणच्या खाडीला लागून, आजा मिठागरावर, बाप मिठागरावर, मी पण मिठागरावरच, दुसरं काय येणार आम्हाला. नवरा-बायको दोघं मीठ ओढायला उतरली की रांगतं पोर बघणार कोण, म्हणून झोपडीच्या मेढीला, म्हणजे खांबाला, दोर आणि दुसरं टोक पोराच्या कंबरेला, अशी आमच्याकडची रीत, मला पण आईनं तसाच बांधलेला. चारी बाजूंना पाणी, गेलं तर गेलंच. पोर नीट चालायला लागलं की दोर सोडायचा.

आमच्या सुगंधाचा दोर सोडलाच नाय. जन्मापासून दिसत नाय तिला. तिची आई बोलायची, अवो, डोळस पोरं पडतात पाण्यात, हिचं काय होणार. मंग राहिली बांधलेली. शाळेच्या वयाची झाली तरी मेढीजवळ बसून, आणि काय सांगू तुम्हाला, पाय नुसत्या काटक्या, उभी केली की थरथर कापायची आणि मटकन खाली बसायची. आम्हाला वाटायचं, आंधळ्या पोराचं असंच असतं.

मेव्हणा माझा नागोठण्याला कंपनीत हाय, त्यानं सांगितलं, रोह्याजवळ वरसे गावात अशा पोरांची शाळा हाय, ठेवा तिथं. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी सुगंधाच्या पोटऱ्या चाचपल्या, कंबरेवरचा वळ चाचपला, मला बोलल्या, डोळे देवानं दिले नाय, पण पाय तुम्ही घालवलेत. लई राग आला मला. पण खोटं कुठं होतं.

त्यांनीच तिला उभी केली. आधी भिंतीला पाठ लावून उठाबशा, मंग एका पायावर उभं राहायचं, मंग घुंगरू घातलेल्या चेंडूचा आवाज धरून त्याच्यामागं जायचं. बघून शिकता येत नाय ना, म्हणून बाई स्वतः वाकायच्या आणि पोरीचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवायच्या, बघ, इथून वाकायचं. शेवटी दोर. दोन खांबांना ताणलेला दोर, त्यात लोखंडी कडी, कडी धरून पोरं पळतात, टोकाजवळ गाठ, कडी गाठीला अडली की थांबायचं. सुगंधा पळाली तेव्हा मी फाटकाशी उभा राहून रडलो.

पण सुट्टीत घरी बसून राहिली तर पाय परत लटलटायला लागले. बाई बोलल्या, घरी पण पळवा, नायतर हाय ते पण जाईल. कुठं पळवू? सरळ कोरडी जागा म्हणजे खाडीचा बांध. एका अंगाला आमचं मीठ, दुसऱ्या अंगाला खाडी. बायको बोलली, नाय, मुळीच नाय. तवा सुगंधानंच मेढीचा जुना दोर चाचपत चाचपत सोडला, बोलली, आये, हाच बांध गो तिकडं. नवा दोर ताणला, टोकाला तो जुना जोडून बाभळीला बांधला. जोडाची गाठ झाली तीच तिची थांबायची गाठ.

कडी पळते तिची खरखर ऐकू येते. मीठ ओढताना माझा कान तिकडंच. ह्या मे महिन्यात एकदा खरखर मधेच थांबली. बायकोच्या हातातलं टोपलं पडलं. पळत गेलो तर पोर एका पायावर उभी, दुसऱ्या पायानं बांध दाबून बघतेय. बोलली, बाबा, इथं मऊ लागतंय, काल नव्हतं. वरून काय दिसेना. फावडं घातलं तर आत पोकळ, खेकड्यांनी पोखरलेलं, हात घातला तर खाडीचं गार पाणी.

तवापासून ती थांबते तिथं मी सकाळी माती भरतो, संध्याकाळी ती आणखी पुढं, दुसरीकडं मऊ लागलं म्हणून थांबते. बांध बघायला सरकारी साहेब लोक आले, वरून बघून गेले. शेजारच्या गावाला बांध फुटून खांड पडली, त्यांच्या शेतात अजून खारं पाणी हाय. बायको बोलते, दोर काढा, पोरीला परत बांधा, निदान जवळ तर राहील. मी बोललो, अगो, रातीचा बांध फुटला आणि पोर मेढीला बांधलेली असली तर? त्या दिवसापासून ती रातीला जागीच असते. मला पण त्यानंतर झोप नाय.

आज अमावास्येचं उधाण, भरती रातीला चढेल. आता ओहोटी हाय तवर पोर पळून घेते. पण पाय बघा तिचे, कसे भरलेत. देवा, पाणी आलंच तर तिला पळू दे, आम्ही म्हातारी माणसं राहिलो मागं तर राहिलो.

थांबा जरा, बोलू नका. कडी मधेच थांबली.