आदर्श प्लांटचा नमुना

नाही नाही, बसा तुम्ही — प्लांट काही पळून जात नाही. पण खरं सांगू, कशाला उगाच बेसमेंटमध्ये उतरता? आमच्याकडे सर्टिफिकेट आहे ना. तुमच्या डोक्यामागेच टांगलंय, फ्रेम करून. सांडपाण्यातली सत्याण्णव टक्के घाण साफ, वास शून्य, वीज निम्मी. कोणी दिलं? लॅबने दिलं. लॅब कोणी आणली? कंपनीने. आणि मशीन कोणी विकलं? कंपनीनेच. म्हणजे आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा — एकतीस वर्षं मी शाळेत सायन्स शिकवलं, पण इतकी सोयीची परीक्षा आम्हाला कधी सुचली नाही. आणि आता तुम्ही आलात, त्रयस्थ. कंपनीचे नाही, आमचेही नाही. डोंबिवलीच्या एका सोसायटीने हेच मशीन घेतलं आणि आता हट्ट धरला की बाहेरच्या माणसाने तपासल्याशिवाय ते चालतं हे आम्ही मानणार नाही, तर कंपनी म्हणाली, मग कोलशेतचा आमचा आदर्श प्लांट तपासा. तो आदर्श प्लांट हा. आणि ह्या सोसायटीची आदर्श सेक्रेटरी मी, उर्सुला मिस. ब्रोशरमध्ये फोटो पाहिलाच असेल, पान तीन. माझ्या नावाखाली जे वाक्य छापलंय ते मी बोललेले नाही हं — पण छापून आल्यावर मलाच आवडलं.

सत्कार केला त्यांनी माझा. घोडबंदर रोडच्या हॉटेलात, शाल, श्रीफळ आणि काचेचं एक पान — पर्यावरण म्हणून पान. रिटायर झाल्यावर माणसाला कोण विचारतं हो? घरातले विचारतात, गॅस बंद केलास का. आणि इथे तीनशे लोक टाळ्या वाजवत होते. त्यानंतर फोन सुरू झाले, कुठून कुठून. कल्याण, विठ्ठलवाडी, डोंबिवली. मॅडम, मशीन कसं आहे? मी म्हणायचे, उत्तम. मी काय मशीन बघायला रोज खाली जायचे? छे. खाली काळुराम होता ना.

काळुराम म्हणजे आमचा ऑपरेटर. इथलाच, कोलशेत गावातला. शिक्षण दहावी नापास, पण पाण्याकडे नुसतं बघून सांगायचा. मशीन बसून महिना झाला नाही तर वर आला, ह्याच टेबलाशी उभा राहिला. म्हणाला, बाई, टाकीतलं पाणी पिवळं आहे, फेस जात नाही, वास मारतो. मी कंपनीला फोन केला. ते म्हणाले, टाकीतले घाण खाणारे जिवाणू नवीन आहेत, रुळायला वेळ लागेल. नवीन सुनेसारखं. दुसऱ्या महिन्यात आला, तेव्हा कंपनी म्हणाली, ऑपरेटर नीट चालवत नाही. आणि मी काय केलं? काळुरामला लेखी समज दिली. माझं अक्षर चांगलं आहे, समज फार सुंदर दिसत होती. तिसऱ्यांदा आला तो बाटली घेऊनच. आपलं जास्तीचं पाणी नाल्यात जातं, नाला खाडीत — तिथून भरून आणली होती. टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "बाई, माझी आय त्याच नाल्याच्या तोंडाशी चिंबोऱ्या धरते. तिचे पाय बघायला या एकदा."

गेले? नाही गेले. ठमाबाई तिचं नाव. मी तिच्याकडून वर्षानुवर्षं खेकडे घेतलेत.

मग सर्टिफिकेटसाठी तपासणी ठरली. हे तुमच्यासारखं नाही, कंपनीची तपासणी. इंजिनिअर आला, क्लेटन — आमच्याच चर्चमध्ये रविवारी कॉयरला गाणारा, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? सेक्रेटरीची हजेरी लागते म्हणून मी खाली गेले, नाकाला रुमाल लावून. वास शून्य असलेल्या प्लांटमध्ये रुमाल लागतोच. क्लेटनने एक बाटली टाकीतून भरली, उजेडात धरली, ओतून टाकली. आणि पंपरूमच्या बाहेर पिण्याच्या पाण्याचा नळ आहे ना — असं काय बघताय? मी म्हटलं ना, नळ आहे. बाटली भरायला कितीसा वेळ लागतो. मी तेव्हा भिंतीवरच्या आग विझवायच्या सिलिंडरची तारीख वाचत होते. संपलेली होती, म्हणून सांगते. काळुराम तिथेच उभा होता. त्याने नळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. काही बोलला नाही. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

पण तो बोलला. सर्वसाधारण सभेत, सगळ्यांसमोर. मराठीत, हळू, एकेक शब्द. नळाचं पाणी भरलं आणि बाई हजर होत्या. सगळी सभा माझ्याकडे वळली. मी उठले आणि म्हटलं, "काळुराम ड्युटीवर पिऊन येतो." बस. एका वाक्यात काम झालं. तो माणूस दारूला शिवत नाही हो. त्याचा बाप दारूने गेला, हे त्यानेच मला कधीतरी सांगितलेलं. चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि तो गेला. आता शीळफाट्याला कुठल्याशा गोडाऊनवर वॉचमन आहे म्हणतात. नवीन ऑपरेटर चांगला आहे. काही बोलत नाही.

थांबा, पाणी पिते. — हं. डोंबिवलीची ती हट्टी सोसायटी, तिची सेक्रेटरी योगिनी माझी विद्यार्थिनी. नववी ब. मशीन घेण्याआधी तिने फोन केला होता. ब्रोशर, सर्टिफिकेट सगळं होतं तिच्याकडे, तरी म्हणाली, "मिस, तुम्ही स्वतः बघितलंय ना? मग मला बाकी कोणाचं नको." मी हो म्हटलं. खोटं कुठे होतं — बघितलं तर होतंच की. आता त्यांच्या प्लांटला वास सुटलाय, लोक तिला धारेवर धरतायत, आणि तरी मला एक अक्षर बोलली नाही. नुसतं तुम्हाला पाठवलं. निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर, हे मीच शिकवलं होतं तिला. काय हुशार पोरगी.

तुम्ही लिहून घेताय? घ्या. नाही, खोडू नका. सर्टिफिकेटचा नमुना नळाचा होता, असं लिहा. माझ्या हजेरीत, असं लिहा. काळुराम पीत नाही, हे तुमच्या फॉर्ममध्ये कुठे बसतं? शेरा? मग शेऱ्यात लिहा, मोठ्या अक्षरात. सही कुठे करू — इथे? ही घ्या. आणि नमुना टाकीतूनच काढा, पाहिजे त्या दिवशी या, पाहिजे त्या वेळी, मला कळवायची गरज नाही. चाव्या त्या खिळ्याला आहेत.

आता उठा. मला योगिनीला फोन करायचाय, आणि तो तुमच्यासमोर करायचा नाहीये. जा म्हटलं ना. दार लोटून घ्या.