आवाजांची हजेरी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपले मुख्याध्यापक सर, व्यासपीठावर बसलेल्या पालक संघाच्या प्रमुख ताई, शाळेचे विश्वस्त, माझे सहकारी शिक्षक, समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी, त्यांचे आईवडील, आणि मघापासून मला "थोडक्यात आटपा" अशा खुणा करणाऱ्या आपल्या भूमितीच्या बाई! सर्वांना माझा नमस्कार.

बाई, खुणा करू नका. इतकी वर्षं तुम्ही तास घेतलात, आज मी घेणार. मैदानावर मला माइक लागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आज आयोजकांनी तो हातात दिला आहे, आता मागच्या रांगेचं काय होईल ते होवो.

इथं माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या शिस्तीबद्दल, निकालांबद्दल, त्यांच्या त्या लाकडी कंपासबद्दल फार सुंदर सांगितलं. सगळं खरं आहे. पण मी म्हणजे पी.टी.चा माणूस. भूमितीतलं मला वर्तुळ तेवढं कळतं, तेही मैदानाला फेऱ्या मारायच्या असतात म्हणून. तेव्हा मी बाईंच्या ज्ञानावर काय बोलणार? मी बोलणार आहे ते शाळा बंद होती त्या वर्षाबद्दल.

आठवतंय ना ते वर्ष? वर्ग नाही, घंटा नाही, मैदानावर गुडघाभर गवत. मुलं फोनमध्ये आणि आम्ही पण फोनमध्ये. माझं तर हसंच झालं होतं. मी मुलांना फोनवरून उड्या मारायला लावल्या, तर खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला वर! चार घरांतून तक्रारी आल्या आणि मुख्याध्यापक सरांनी माझा तास बंद केला. सर हसतायत, पण तेव्हा हसत नव्हते. मला म्हणाले, "तुम्ही बाईंच्या वर्गात बसा, मुलांकडे लक्ष ठेवा." म्हणून मी दहावीच्या वर्गात रोज मुकाट्यानं बसायला लागलो. मुकाट्यानं म्हणजे किती छळ झाला असेल, विचार करा.

बाईंची तयारी मात्र बघण्यासारखी होती. एका जुन्या वेताच्या खुर्चीची बैठक उसवलेली होती. त्या भोकातून फोन खाली तोंड करून दोरीनं बांधलेला, आणि बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून खडूनं वर्तुळं काढतायत! फक्त हात दिसायचे. आम्ही दोन महिने बाईंच्या बांगडीला ओळखत होतो, चेहऱ्याला नाही.

आणि मग तो प्रसिद्ध दिवस. नियम असा होता की मुलांचे माइक बंद, शिक्षकांचा चालू. बाईंनी नेमकं उलटं केलं. स्वतःला म्यूट केलं, फोनचा आवाजही घालवला आणि सगळ्या वर्गाला मोकळं सोडलं. बाई तासभर जीव तोडून शिकवतायत, आवाज शून्य. आणि इकडे पन्नास घरं एकदम बोलायला लागली! कुठं कुकर, कुठं तान्ह्या बाळाचं रडणं, कुठं भिंतीला ड्रिल. एकाची आजी विचारतेय, "अगं बाई, ही मास्तरीण मुकी आहे का रे?" मुलं हसून हसून लोळायची बाकी होती. किती महिन्यांनी हसत होती ती! मीसुद्धा बाईंना फोन केला नाही. म्हटलं, चालू दे.

शेवटी बाईंच्या लक्षात आलं. मला वाटलं आता वीज कोसळणार. पण बाई एवढंच म्हणाल्या, "बरं, मग तासभर तुम्ही ऐकलंत तरी काय?" आणि एकेक पोर सांगायला लागलं. माझ्याकडे कुकर, माझ्याकडे पोपट, माझ्याकडे बाबा आणि काका भांडतायत. ज्यांचा आवाज आम्ही दोन महिने ऐकला नव्हता, ती पोरंसुद्धा बोलली.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी "हजर" हा शब्दच काढून टाकला. नाव घेतलं की आत्ता, या क्षणी, तुमच्या घरात कसला आवाज येतोय तो सांगायचा. तीच हजेरी. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण हळूहळू लक्षात आलं, अहो, सगळं कळतं त्यातून! कोण एकटं आहे, कुणाच्या घरात आजारपण आहे, कोण जिन्यात बसून शिकतंय. "बाबा घरीच आहेत, टीव्ही लागलाय," असं एक पोरगं रोज म्हणायला लागलं, तेव्हा त्याच्या बाबांचं काम सुटलंय हे बाईंना विचारावं लागलं नाही.

त्या वर्गात माझ्या व्हॉलीबॉल संघाची कॅप्टन होती. तिला आम्ही कॅप्टनच म्हणायचो. मैदानावर वाघीण होती हो! पण फोनवर तिचा कॅमेरा कायम बंद. आणि तिची हजेरी रोज एकच. "पंखा, बाई."

एके दिवशी सकाळी तिच्या भागातली लाइट गेली. तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जुळ्या भावांनी हजेरी दिली, "बाई, लाइट नाही, सगळं चिडीचूप आहे." चार नावांनंतर कॅप्टनचा नंबर आला.

"पंखा, बाई."

माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. बाईंचा खडू मात्र थांबला. तरी तास पूर्ण केला. मग म्हणाल्या, "कॅप्टन, थांब जरा. सर, तुम्हीही थांबा."

सगळे गेल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "अगं, लाइट गेलीय ना तुमच्याकडे? पंखा कुठला?"

 मग रडण्याचा आवाज. "बाई, मला काही ऐकूच येत नाही. तुम्ही बोलताय हे कळतं, पण डोक्यात काही जातच नाही. झोप लागत नाही. परीक्षेचं नाव काढलं की हात गार पडतात. मी शाळा सोडतेय. आईला सांगून टाकलंय."

मी आपला सुरू झालो, "अगं वेडाबाई, तू कॅप्टन ना? जिद्द ठेव, हिंमत..."

"सर," बाई म्हणाल्या, "शिट्टी खिशात ठेवा."

ठेवली.

मग बाई तिला म्हणाल्या, "बरं. शाळा सोडायची की नाही ते नंतर बघू. उद्यापासून अभ्यास नको, माझा तासही नको. फक्त हजेरीला यायचं, एक खरा आवाज सांगायचा आणि जायचं. खोटा चालणार नाही. एवढं जमेल?"

तिची आई लॉन्ड्रीत काम करते. आज इथं बसली आहे. ती बिचारी घाबरून गेली होती, वर्ष फुकट जाईल म्हणून. बाईंनी तिला सांगितलं, "वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी बघू हो. आधी पोरीला झोप लागू दे." शाळेच्या समुपदेशक ताईंशी गाठ घालून दिली ती पण बाईंनीच.

आणि पोरगी यायला लागली. पहिल्या दिवशी "दाराची कडी". मग "शेजारच्या काकूंचं शिलाई मशीन". घरातले आवाज संपले तशी ती खिडकीशी गेली, मग जिन्यात, मग गच्चीवर. बाईंनी मला कामाला लावलं, "सर, हिला रोज सकाळी पळवा." ती तिच्या गल्लीत, मी माझ्या गल्लीत, दोघांच्या कानात फोन! लोक मला हसायचे. हे पोट घेऊन मी पळत होतो, हसतील नाही तर काय? एकदा हजेरीची वेळ झाली तरी आम्ही पळतच होतो. बाईंनी नाव घेतलं. कॅप्टन म्हणाली, "पी.टी. सरांची धाप, बाई. मरतील असं वाटतंय."

अख्खा वर्ग हसला. तीही हसली. मी मात्र खरंच मरायला टेकलो होतो.

आणि त्याच आठवड्यात हजेरी देऊन झाल्यावर ती फोन बंद करेना. म्हणाली, "बाई, आज थांबू का?"

बाई म्हणाल्या, "थांब की. कोण हाकलतंय तुला?" आणि लगेच वर्तुळ काढायला घेतलं. पण त्या दिवशी बाईंचं वर्तुळ वाकडं आलं. मी पाहिलंय. बाई, मान हलवू नका, आलं होतं!

कॅप्टननं परीक्षा दिली. पहिली-बिहिली आली नाही, छान पास झाली. आज ती आपल्याच शाळेत लहान मुलांना व्हॉलीबॉल शिकवते आणि माझ्यापेक्षा जोरात शिट्टी मारते. तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि आता रडते आहे. रड गं पोरी, मी पण रडतोच आहे.

आता एवढंच सांगून थांबतो. काल शिक्षकांच्या खोलीत बाई कपाट रिकामं करत होत्या. बाई एकट्या राहतात, तुम्हाला ठाऊक आहे. मी सहज विचारलं, "बाई, आता घरी काय करणार?" बाई हसून म्हणाल्या, "काय करायचं? घर आहे, पंखा आहे."

मी तसाच बाहेर येऊन कॅप्टनला फोन केला. तिनं त्या वर्गातल्या सगळ्यांना केला.

अध्यक्ष महोदय, आपण वेळ दिलात, श्रोत्यांनी सोसलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर मैदानावरचा माणूस म्हणून सोडून द्या.

आणि बाई, उद्या सकाळी शाळेच्या वेळेला फोन जवळ ठेवा. तो वर्ग येणार आहे, रोज येणार आहे. नाव कॅप्टन घेणार. पहिलं नाव तुमचं. खिडकी उघडा, गच्चीवर जा, काय करायचं ते करा.

"पंखा" चालणार नाही.