धाकट्या जावेची ग्रीन टी

हसणार नसाल तर सांगते. मागच्या वर्षी महिनाभर मी घरच्यांपासून लपून ग्रीन टी प्यायले, आणि तेही निव्वळ जळून.

माझी धाकटी जाऊ शालू. अंगानं आम्ही दोघी सारख्याच भरलेल्या. पण दोन महिने नागपूरला लेकीकडे राहून मी पोळ्याला केशोरीला, घरी परतले, तर ही चांगलीच बारीक झालेली! सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "शालू आता हिरवी चाय पेते. पाहा, कशी दिसून राहिली!" आणि मग माझ्याकडे बघत.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी गोंदियाहून डबा मागवला, तांदळाच्या कोठीत लपवला आणि रोज सकाळी ते कडू पाणी नाक दाबून प्यायले. महिन्यानं ब्लाउज उसवून सैल करावा लागला.

शेवटी एका दुपारी शालूलाच धरलं. "खरं सांग, दिवसातून किती कप पेतेस?"

"एक."

"मंग मले काऊन गुण नाही येऊन राहिला?"

ती हळूच म्हणाली, "चहानं नाही जी, ताई. तुमचा गुडघा दुखे म्हणून तुमी नागपूरले होत्या. धानाच्या रोवणीले बाया भेटल्या नाहीत. तुमच्या वाट्याचं बी मीच रोवलं."

माझा गुडघा नागपुरात आठ दिवसांतच बरा झाला होता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.