फायनलचं हसू

रोमानियातल्या क्लुज शहरातल्या फिजिओथेरपी केंद्रात, बाकावर मनगट धरून बसलेल्या डोमनिका आजींच्या शेजारी दोन पोरी कुजबुजत होत्या.

"इलिंका, थेरपिस्ट बाई घोटा दाबतील तेव्हा तोंड वाकडं करू नकोस."

"सुजलाय गं, सोराना."

"उद्या एरोबिक जिम्नॅस्टिक्सची फायनल आहे, तिघींचा संघ आहे. तू बसलीस की आम्ही दोघीही बसलो."

"मग काय करू?"

"मॅटवर करतेस तेच. दात दाखवून हसायचं."

इलिंका आत गेली. दार उघडंच राहिलं.

"इथे दुखतं?"

"नाही, बाई."

"आणि इथे?"

"अजिबात नाही."

"मग इथेच एवढी गोड का हसलीस?"

"सहज."

"आम्हीही मॅटवर दुखणं लपवायला अशाच हसायचो, बाळ. उद्या उतरायचं नाही."

आजींनी शेजारी पाहिलं. सोराना दात दाखवून हसत होती.