हलेल तोच दिसेल

— घरी पहिल्यांदा कॅमेरा आणला ते साल नक्की कोणतं, हे विचारू नका, लोकेश. पंच्याण्णव असेल. वैजयंता, म्हणजे माझी बायको, होती आणि आम्ही नुकतेच दादरहून इथे मीरा रोडला आलो होतो — की यायचे होतो? माझ्या आठवणीवर मीच विसंबत नाही, तुम्हीही नको. पण कॅमेरा लावायला आलायत तर ऐका. तीस वर्षं मी हेच शिकवलं — हलत्या चित्रात यंत्राने माणूस कसा शोधायचा. आधीचं चित्र, आत्ताचं चित्र, दोघांतला फरक काढायचा. फरक तो माणूस, बाकी फर्निचर. आपला डोळाही तसलाच — एका ठिपक्यावर नजर खिळवून बसा, कडेचं सगळं पुसट होत जातं.

आता आमचे चिरंजीव, जीवन, बंगलोरहून म्हणतात, बाबा, दोन तास हालचाल दिसली नाही तर मला फोनवर कळेल, आणि असं पुन्हा झालं तर फ्लॅट बंद करून तुम्हाला इकडेच आणणार. अहो, वाचत बसलो की दोन तास मी हलतो कुठे? आठवड्यात उचलबांगडी होईल माझी. म्हणून म्हणतो, खुर्चीकडे नको, पडद्याकडे वळवा तो. खाडीचा वारा आहे, पडदा दिवसभर हलतो. जीवनला वाटेल, बाबा ठणठणीत आहेत. — फसवणूक? आहे ना. नाही कुठे म्हणतोय.

तर तेव्हा कॉलेजातला कॅमेरा घरी आणून स्टँडवर लावला होता. वैजयंता बिरड्यासाठी वाल सोलत बसलेली. यंत्राने काय दाखवलं? काळं चित्र आणि त्यात नुसते दोन हात. बाकीची बाई खुर्चीत जमा. ती म्हणाली, "यंत्र अगदी तुमच्यावर गेलंय. मी समोर बसलेली तुम्हालाही कुठे दिसते?" मग हे जन्मभर ऐकवलं, पाहुण्यांसमोरसुद्धा. मी वाद घातला नाही. मी कॅमेऱ्यामागे उभा, बटणांत डोकं — खरंच बघितलं नसेल, असं मलाही वाटायचं.

ती गेल्यावर, पुष्कळ वर्षांनी, यतीनने — माझा विद्यार्थी — ती मूळ टेप कॉम्प्युटरवर उतरवून दिली. फरक न काढलेली, साधी. — अजून थोडा डावीकडे. हं. उतरा आता. जाताना दार ओढून घ्या, पण एवढं ऐकून जा. — मी कॅमेऱ्यामागे नव्हतोच. तिच्या शेजारी बसलो होतो, मांडीवर पुस्तक. यंत्राने मलाही पुसलं होतं. अख्ख्या टेपमध्ये मी एकही पान उलटलेलं नाही. तिच्याकडेच बघत होतो.